शुगरचं बिल : त्यात शुगर सोडून सगळं असतं

काकांच्या डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवरनं जो गठ्ठा हातात पडला तो १९ पानांचा होता. मी सांगलीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करतो, दिवसभर आकडेच बघतो, त्यामुळे घरच्यांनी गठ्ठा माझ्याकडेच सरकवला, "बघ रे जरा, एवढे कसे झाले." एकूण २ लाख ५८ हजार. शुगरमुळे ॲडमिट झालेल्या माणसाचं बिल, पण १९ पानं दोनदा चाळली तरी शुगरच्या नावावर सापडलं ते एवढंच, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि इन्सुलिन, सगळं मिळून चार हजारसुद्धा नाही. बाकी खोली, सर्जन, भूल, ड्रेसिंग, अँटिबायोटिक, डॉपलर, परत ड्रेसिंग.

आणि कारण काय, तर भाच्याच्या वास्तुशांतीला घातलेली नवी कोल्हापुरी. अंगठ्याजवळ फोड आला, दुखला नाही म्हणून काकांनी बघितलाच नाही, नवव्या दिवशी काकूला फरशीवर ओलसर डाग दिसला तेव्हा कळलं.

आपल्या ओळखीत असा एक तरी काका असतोच. २०२३ साली आयसीएमआरचा (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा अभ्यास आला त्यात देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आहे असं निघालं, आणि टक्केवारीत सगळ्यात वर आपलं शेजारचं गोवा, २६ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे तिथे दर चार मोठ्या माणसांत एक. आकडे पेपरात येतात आणि लोक विसरतात, पण बिल कसं बनतं हे कुणी बसून सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधाचा सल्ला देत नाहीये, फक्त हिशोब उलगडून दाखवतोय.

आधी हे बघू, शुगर रक्तात आणि जखम पायाला, असं का?

आमच्याकडे ऊस आणि द्राक्षं, त्यामुळे उदाहरण ठिबकचंच देतो. ड्रिपच्या पाण्यात क्षार जास्त असले तर नळ्या एका दिवसात बंद पडत नाहीत. वर्ष-दोन वर्षं सगळं छान दिसतं, मोटर चालू, पाणी चालू. मग हळूहळू बारीक भोकं चोकअप होतात, आणि सगळ्यात आधी कुठलं झाड वाळतं, तर ओळीच्या टोकाचं.

शरीरात रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की वाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होत जातं. सगळ्यात बारीक नळ्या असतात डोळ्याच्या पडद्यात आणि किडनीत, सगळ्यात टोकाला असतो पाय. मोठ्या वाहिन्या खराब झाल्या की हार्ट आणि पॅरालिसिस. यालाच डॉक्टर कॉम्प्लिकेशन म्हणतात, मराठीत सरळ सांगायचं तर शुगरनं मागून केलेलं नुकसान. आणि हॉस्पिटलचा खर्च बहुतेक वेळा या नुकसानाचाच असतो.

पायाला अजून एक प्रकार होतो. नसा बधिर होतात, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. दुखणं ही खरं तर शरीराची फुकटातली वॉचमनगिरी, आणि इथे वॉचमनच झोपलेला. काकांना फोड दुखला असता तर दुसऱ्या दिवशी पन्नास रुपयांच्या मलमावर विषय संपला असता. हार्टच्या बाबतीतही असं होतं, डायबेटिसवाल्यांना कधीकधी छातीत कळच येत नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, ॲसिडिटी वाटते आणि हॉस्पिटलला पोचायलाच उशीर होतो.

शुगर दिसते ती दिवसांत

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हॉस्पिटलचं बिल हे मुळात दिवसांचं बिल असतं. खोली रोजची, नर्सिंग रोजचं, डॉक्टरांची व्हिजिट रोजची, कधी दोनदा. शुगर काय करते, तर दिवस वाढवते.

काकांचं बघा. ॲडमिट झाले तेव्हा शुगर ३४०. अर्जंट नसेल तर एवढ्या शुगरवर भूल द्यायला आणि कापायला डॉक्टर तयार नसतात, कारण जखम भरत नाही आणि इन्फेक्शन पसरतं. म्हणून दोन दिवस नुसती शुगर खाली आणण्यात गेले. त्यासाठी सर्जन सोडून वेगळे फिजिशियन, त्यांची वेगळी व्हिजिट. मग पायात रक्त पोचतंय का ते बघायला डॉपलर, हाडापर्यंत गेलंय का ते बघायला एमआरआय. मग ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेऊन सडलेला भाग साफ केला, याला डिब्राइडमेंट म्हणतात, पण हे एकदा करून भागेलच असं नसतं. चौथ्या दिवशी जखम उघडून बघितली तर परत काळपट, परत ओटी. दुसऱ्या वेळी अंगठ्याचा पुढचा भाग काढावा लागला. पस लॅबला पाठवला, त्याचा रिपोर्ट यायला तीन दिवस, रिपोर्ट आल्यावर अँटिबायोटिक बदललं, आणि नवीन जे आलं ते दिवसातनं तीनदा शिरेतनं द्यायचं. असे करत करत १३ दिवस.

आमच्या ऑफिसातल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तो तिसऱ्या दिवशी घरी. त्याच महिन्यात त्याच्याच सासऱ्यांचं तेच ऑपरेशन, शुगर वाढलेली, सातव्या दिवशी सुटले. सर्जनची फी दोघांना सारखीच होती, फरक पडला तो बाकीच्या चार दिवसांचा.

खोलीचं भाडं फक्त खोलीचं नसतं

आता इन्शुरन्स. काकांची ३ लाखांची पॉलिसी होती, बिल २ लाख ५८ हजार, म्हणजे सगळं कव्हर, असं घरात सगळे धरून चालले होते. मंजूर झाले १ लाख ९३ हजार. ६५ हजार खिशातनं गेले आणि चुलतभाऊ हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर भांडायला उभा राहिला. टीपीए म्हणजे इन्शुरन्स कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामधला कागदपत्रं बघणारा मध्यस्थ. त्या बिचाऱ्या पोरीचा यात काही दोष नव्हता, कारण उत्तर पॉलिसीतच होतं, पान ११ वर.

पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा होती, विमा रकमेच्या १ टक्का रोज, म्हणजे ३००० रुपये. आम्ही घेतली ४५०० ची, कारण रात्री ११ वाजता तीच रिकामी होती, आणि काकूला वाटलं जास्तीत जास्त वरचे दीड हजार रोजचे आपण भरू. इथे गंमत आहे. हॉस्पिटल हे मंगल कार्यालयासारखं असतं. मोठा एसी हॉल घेतला की नुसतं हॉलचं भाडं वाढत नाही, ताटाचा रेट, डेकोरेशन, लाइट सगळंच वरच्या रेटनं लागतं. तसंच बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीच्या कॅटेगरीवर सर्जनची फी, ओटी चार्ज, भूलतज्ज्ञ, व्हिजिट हे सगळं ठरतं. म्हणून कंपनी म्हणते, तुम्हाला परवानगी ३००० ची, घेतली ४५०० ची, म्हणजे आमची जबाबदारी दोन तृतीयांश, आणि ही दोन तृतीयांशची कात्री खोलीबरोबर त्या सगळ्या फीलाही लागते. याचं नाव प्रपोर्शनेट डिडक्शन.

आमचा हिशोब असा. खोलीचे ५८,५०० झाले, त्यातले ३९,००० मिळाले. डॉक्टर, ओटी, भूल, नर्सिंग मिळून ९६,००० झाले, मिळाले ६४,०००. औषधं ६२,००० आणि तपासण्या २८,००० पूर्ण मिळाल्या, कारण आयआरडीएनं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्येच स्पष्ट केलंय की औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लावायची नाही, आयसीयूच्या चार्जलाही नाही (हे लक्षात ठेवा, लावली असेल तर विचारा). आणि उरलेले १३,५०० म्हणजे ग्लोव्हज, डायपर, मास्क, रजिस्ट्रेशन वगैरे, ज्याला नॉन-पेएबल म्हणतात, ते शून्य. खोलीतला नुसता फरक १९,५०० चा होता पण त्याच्यामागून अजून ३२,००० गेले. रात्री ११ वाजता एवढं कुणाच्या डोक्यात येणार.

डिस्चार्जनंतर ड्रेसिंग होतंच, आठवड्यातनं तीनदा, दहा आठवडे. एका खेपेला ड्रेसिंगचे ३५० आणि रिक्षाचे २००, म्हणजे १६,५०० आणखी. बहुतेक पॉलिस्यांत ॲडमिट व्हायच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस यातला त्याच आजाराचा खर्च मागता येतो, पण त्यासाठी प्रत्येक ड्रेसिंगची पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजे. आमच्याकडे निम्म्या पावत्या नव्हत्या. कंपाउंडरकडनं पावती मागायची लाज वाटते लोकांना, का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि रिक्षाचे तर कुणीच देत नाही.

"पॉलिसी घेताना शुगर लिहिलीच नाही तर?"

हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. आमच्या गल्लीतल्या एकांना त्यांच्या एजंटनं दिला होता, "लिहू नका, प्रीमियम वाढतो, कोण बघतंय." बघतात. ॲडमिट झाल्यावर केस पेपरच्या पहिल्या-दुसऱ्या ओळीत डॉक्टर लिहितात, के/सी/ओ डीएम, १२ वर्षं. म्हणजे हा १२ वर्षांपासूनचा शुगरचा पेशंट. हे पेशंटनं स्वतःच सांगितलेलं असतं, सांगायलाच पाहिजे, नाहीतर औषध चुकेल. तोच कागद कंपनीकडे जातो आणि पॉलिसी दोन वर्षांची, आजार १२ वर्षांचा, क्लेम नामंजूर.

खरं सांगून घेतलं तर काय होतं? आधीपासून असलेल्या आजाराला वेटिंग पीरियड लागतो, म्हणजे तेवढी वर्षं त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. तो पूर्वी जास्तीत जास्त ४ वर्षांचा असायचा, २०२४ पासून ३ वर्षांच्या वर लावता येत नाही. काही कंपन्या जादा प्रीमियम घेऊन अजून कमी करतात. आणि सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर "तुम्ही माहिती लपवली" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पण या भरवशावर लपवायचं म्हणजे पाच वर्षं पायाला फोड येणार नाही यावर पैज लावणं झालं. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून शुगर कव्हर असते, त्यामुळे पोरांच्या कंपनीत आई-वडिलांना घालता येत असेल तर ते आधी विचारा.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यायचं, एका महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, ऑफिस मुंबईलाही आहे आणि पुण्यालाही, फी लागत नाही, वकील लागत नाही.

"सरकारी योजना आहे की!"

आहे, आणि चांगली आहे, पण लोकांना ती दोन्ही बाजूंनी चुकीची माहिती असते. महात्मा फुले जन आरोग्य योजना (सुरुवातीला राजीव गांधी जीवनदायी नावानं आली तीच) पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती, दीड लाखाची. आता पांढरं कार्डसुद्धा चालतं आणि रक्कम कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. ७० आणि त्यावरच्यांना तर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, त्यातही ५ लाख. काका ७१ चे. कार्ड काढलं होतं का? नाही. "आपल्याला कोण देणार फुकट" म्हणून काढलं नव्हतं. कसं सांगायचं यांना.

पण दोन गोष्टी आहेत. एक, हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि तो विशिष्ट उपचार त्या हॉस्पिटलला योजनेत मंजूर असला पाहिजे. एखादं हॉस्पिटल योजनेत आहे पण फक्त हाडांसाठी, असं असू शकतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, पहिल्यांदा त्याला गाठायचं, नाहीतर १५५३८८ वर विचारायचं. दुसरं, योजना पॅकेजवर चालते. ठरलेल्या उपचाराला ठरलेली रक्कम, हॉटेलातल्या राइस प्लेटसारखं, त्यात जे आहे ते आहे. रोजच्या गोळ्या, ओपीडी (ॲडमिट न होता दाखवणं), एचबीएवनसीसारख्या शुगरच्या टेस्ट त्यात नाहीत.

अजून एक वाट आहे जी फार कमी लोक वापरतात. ट्रस्टची जी मोठी चॅरिटेबल हॉस्पिटलं आहेत, त्यांना मुंबई हायकोर्टानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के बेड गरिबांना मोफत आणि १० टक्के बेड दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यावे लागतात. उत्पन्नाची मर्यादा मोफतसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि सवलतीसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जायचं. हे ॲडमिट होतानाच करायचं, बिल हातात आल्यावर रडून उपयोग होत नाही असा अनुभव आहे.

किडनीचं गणित वेगळं

पायाचं बिल मोठं असलं तरी एकदाचं असतं. किडनीचं बिल हप्त्यासारखं, फक्त शेवटचा हप्ता कधी ते माहीत नाही. डायलिसिस म्हणजे किडनीचं रक्त गाळायचं काम मशीननं करणं, एका वेळी चार तास, आठवड्यातनं दोनदा किंवा तीनदा. समजा एका वेळचे १५०० धरले आणि आठवड्याला दोनदाच, तरी वर्षात १०४ वेळा, १ लाख ५६ हजार. रक्त वाढायची इंजेक्शनं वेगळी, हातातल्या फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिसची सुई लावायला शीर तयार करण्याचं, ऑपरेशन वेगळं.

हा खर्च योजनेतनं फुकट होऊ शकतो, जिल्हा रुग्णालयांत केंद्राच्या २०१६ च्या डायलिसिस कार्यक्रमातूनही गरिबांना मोफत होतो, पण मिरजेला किंवा सांगलीला जतवरनं, आटपाडीवरनं आठवड्यातनं दोनदा यायचं तर सोबत एक माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. १०४ खाडे म्हणजे साडेतीन महिन्यांची मजुरी गेली, आणि ती कुठल्याच बिलावर येत नाही.

डोळ्याचं थोडक्यात सांगतो. पडद्याला सूज आली तर लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन, तेही एक देऊन संपत नाही, आणि अनेक पॉलिस्यांत त्याला वेगळी मर्यादा असते.

"अहो पण तपासण्यांनाच पैसे कुठनं आणायचे?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला "तब्येतीपेक्षा पैसा मोठा का" असलं उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून आकडेच बघू. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट. उपाशीपोटीची शुगर आदल्या दिवशी जेवण कमी करून फसवता येते, ही फसत नाही. आमच्याकडे लॅबमध्ये चार-पाचशेला होते. लघवीतल्या प्रोटीनची टेस्ट जवळपास तेवढ्यातच, किडनीची कुरकुर ही सगळ्यात आधी सांगते. डोळ्यात थेंब टाकून पडद्याची तपासणी वर्षातनं एकदा. पायाची संवेदना बघायला डॉक्टर एक नायलॉनचा दोरा टेकवून विचारतात, कळतंय का, दोन मिनिटांचं काम. हे सगळं धरून वर्षाला चारेक हजार. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या तिथे मिळतात, रांग असते हे मान्य.

गोळ्यांचंही चित्र बदललंय. किडनी आणि हार्टला आधार देणाऱ्या शुगरच्या गोळ्यांतली एम्पाग्लिफ्लोझिन ही एक, तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दुसऱ्या कंपन्यांची दहाच्या आत-बाहेर मिळायला लागली. प्रत्येकाला ती चालते असं नाही, पण "महाग आहे म्हणून डॉक्टरांनी दिली नव्हती" असं त्याआधी झालं असेल तर आता परत विचारायला हरकत नाही.

आता यातला विचित्रपणा बघा. तपासण्यांचे हे चार हजार साध्या पॉलिसीतनं मिळत नाहीत, कारण ओपीडी कव्हर नसते. पाय बधिर झालेल्यांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, तिचेही मिळत नाहीत. अंगठा कापला त्याचे मिळाले. टॅक्समध्ये मात्र थोडं सुटतं, जुन्या पद्धतीनं रिटर्न भरत असाल तर हेल्थ इन्शुरन्सच्या सवलतीत, जिला ८० डी म्हणतात, हेल्थ चेकअपचे ५ हजारांपर्यंत धरता येतात आणि हे रोख दिले तरी चालतात. आमच्या ऑफिसात येणारे निम्मे लोक ते धरायचे विसरतात.

कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथी याबद्दल मी बोलणार नाही, घरात शांतता हवीये. एवढंच की काकांनी रस सुरू केल्यावर गोळी निम्मी केली होती, कुणालाच न विचारता.

काउंटरवर सही करायच्या आधी

रात्री ११ वाजता डोकं चालत नाही म्हणून हे आधीच फोनमध्ये लिहून ठेवलेलं बरं. माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती, त्या मर्यादेतली खोली उद्या रिकामी झाली तर बदलून मिळेल का, हॉस्पिटल योजनेत आहे का, चॅरिटेबल आहे का, साधारण किती दिवस आणि अंदाजे किती, हे लेखी. अंदाज चुकतो, शुगरच्या पेशंटचा तर हमखास चुकतो, पण मागितला की निदान रोजच्या रोज बिल बघायची सवय लागते. आम्ही पहिल्यांदा बिल बघितलं ते तेराव्या दिवशी.

काकूनं आता पलंगाखाली हातभर आरसा ठेवलाय. रात्री झोपताना "अहो, पाय" म्हणते, काका कुरकुरत तळवे आरशावर धरतात, ती टॉर्च मारून बोटांच्या फटी बघते. काकांचं वय वंदना कार्ड पण काढून झालं, मीच नेलं होतं केंद्रावर. ती कोल्हापुरी मात्र अजून दाराजवळच्या रॅकवर आहे. एकदाच घातलेली, चकचकीत. काकू म्हणाली कुणालातरी देऊन टाकू, तर काका म्हणाले, अगं असू दे, अडीच लाखांची चप्पल आहे ती.